दर्याच्या लेण्यातले मामा

वेरूळला गाइडचं काम करणाऱ्याच्या तोंडात दिवसभर एकच शब्द असतो, ‘चला’. पुढं चला, या बाजूनं चला, मागचे जरा पाय उचला, चला. मी स्वतः या शब्दावर संसार केला. पण ज्या माणसाकडून मी हा धंदा शिकले, त्याच्या तोंडून ‘चला’ मी कधी ऐकलं नाही. त्याचा शब्द होता ‘बसा’. परदेशी पाहुणा असेल तर ‘सिट’. आणि पाहुणा उठून कॅमेरा काढायला लागला, तर ‘नो. सिट.’

सगळे त्यांना मामा म्हणत. ऑफिसातला शिपाई मामा म्हणे आणि साहेबही मामाच म्हणत, फक्त साहेबांच्या म्हणण्यात ‘आता या माणसाचं काय करावं’ असा सूर असे. तेव्हाच्या औरंगाबादेत स्टेशनकडच्या रस्त्यावर एका टूर कंपनीचं ऑफिस होतं. सकाळी तिथून बस सुटायची आणि दौलताबाद, खुलदाबाद, वेरूळ करून संध्याकाळी परत यायची. मामा त्या बसवर गाइड होते. मी पाचोडची. घरी जमीनजुमला बऱ्यापैकी, आणि पोरगी शहरात बँकेत लागली असं वडिलांनी गावभर सांगून ठेवलेलं. प्रत्यक्षात मी त्या बसवर उमेदवारी करत होते. बाई गाइड ही गोष्ट तेव्हा आमच्याकडं कुणी पाहिलेली नव्हती. साहेबांनी मला मामांच्या हाताखाली दिलं, ते मी आठवडाभरात पळून जावं म्हणूनच दिलं असणार.

आणि मी पळतच होते. पहिल्याच दिवशी मामांनी मला एका खांबासमोर बसवलं आणि स्वतः पाहुण्यांना घेऊन निघून गेले. जेवायच्या वेळेला परत आले आणि काय दिसलं ते विचारलं. मी वेलबुट्टी, पूर्णकलश, गण, जे जे पुस्तकात वाचलं होतं ते धडाधडा म्हणून दाखवलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे तर तू घरूनच आणलं होतंस. दुपारी पुन्हा त्याच खांबासमोर बसवलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. उद्यापासून यायचं नाही हे मी मनात पक्कं केलं. मग ऊन कलतं झालं आणि मला दिसलं, की खांबाच्या एका अंगाला वेल अर्ध्यातच थांबलाय. कारागिरानं पानं कोरली आहेत, फुलाची नुसती खूण करून ठेवली आहे आणि काम सोडलं आहे. मी मामांना जाऊन सांगितलं. शाबासकी वगैरे काही नाही. म्हणाले, “आता उद्या ये.”

मामा उंच आणि वाळके होते. खाली धोतर, वर कंपनीचा निळा कोट, कोटावर बिल्ला आणि खांद्यावर काळी घोंगडी. मे महिन्यातसुद्धा. या घोंगडीवरून साहेबांचं आणि त्यांचं कायम वाजायचं. परदेशी लोक येतात, कोटावर ती घोंगडी काय शोभते का, असं साहेब म्हणत. मामांचं उत्तर ठरलेलं होतं. “कोट तुमचा हाय, साहेब. खांदा मपला हाय.” घोंगडीचे उपयोगही बरेच होते. म्हाताऱ्या बाया दमल्या की ती पायरीवर अंथरली जायची. पण मुख्य उपयोग दारातच व्हायचा. लेण्यात शिरण्याआधी मामा घोंगडी पसरून धरत आणि सगळ्यांचे कॅमेरे तिच्यात गोळा करत. आधी डोळ्यानं बघा, मग यंत्राला दाखवा, हा कायदा. लोक भांडत, तक्रारीच्या वहीत पानंच्या पानं लिहीत. मामा घोंगडीची गाठ मारून ती काखेत धरत आणि दगडासारखा चेहरा करून उभे राहत. जपानी पाहुणे तेवढे निमूटपणे कॅमेरे देत, आणि मामा त्यांचं फार कौतुक करत.

मामा मूळचे सिल्लोडकडचे, मेंढपाळाच्या घरातले. लहानपणी निजामाच्या शाळेत उर्दू शिकले. पोलीस ॲक्शन झाली, शाळा काही दिवस बंद राहिली आणि उघडली तेव्हा फळ्यावर मराठी होती. हा प्रसंग ते बसमध्ये पाहुण्यांना रंगवून सांगत. “लष्कर आलं, रझाकार पळाले, निजाम गेला. लई चांगलं झालं. पण नवा मास्तर मला म्हणला, तू परत पहिलीत बस. म्या म्हणलं, मंग मेंढरातच बसतो.” आणि खरोखर गेले. मेंढरं चारत चारत त्यांचा मेंढरांचा वाडा वेरूळच्या डोंगरावर आला. पावसाळ्यात आसऱ्याला लेणी बरी पडत. तिथं साहेब लोक यायचे, त्यांना वाट दाखवता दाखवता इंग्रजी आलं, हिंदी तर होतंच, आणि मेंढरं सुटली. एक मात्र सुटलं नाही. बसमधली माणसं ते शेवटपर्यंत उर्दूत मोजायचे आणि मोजून झाली की हलक्यानं जीभ टाळ्याला लावून आवाज काढायचे, कळप पुरा झाल्यावर काढतात तसा.

दहाव्या लेण्याला आमच्याकडं सुताराची झोपडी म्हणतात. तिथं आवाज घुमतो. बाकीचे गाइड तिथं मंत्र म्हणून दाखवत, नाहीतर एखादी तान मारत. मामा मेंढरांना हाक घालत. एक लांबलचक ‘हुर्रर्र’, छतापर्यंत चढत जाणारं. आणि मग म्हणत, आता बसा, अन् लेणं सोडंपर्यंत उठू नका. लेणं माणसाला कधी सोडतं हे कुणालाच माहीत नसायचं. ते मामांच्या चेहऱ्याकडं बघून ठरवावं लागे.

एकदा सिल्लोडचे एक कापसाचे व्यापारी असेच अडकले. त्यांना घृष्णेश्वराची आरती गाठायची होती, ते सारखे घड्याळ बघत होते. मामांनी बसा म्हटल्यावर ते कुरकुरत बसले, भिंतीला टेकले आणि झोपले. नुसते झोपले असते तर ठीक होतं. ते घोरायला लागले आणि लेणं ते घोरणं चौपट करून परत देऊ लागलं. लोक तोंडात रुमाल कोंबून हसत होते. व्यापाऱ्यांची बायको त्यांना हलवायला उठली, तर मामांनी तिला हातानंच खाली बसवलं. “असू द्या, वहिनी. लेण्याचं हे बी एक काम हाय.” आरती चुकली, बस तासभर उशिरा पोहोचली, ऑफिसात बोंब झाली. पुढच्या वर्षी ते व्यापारी पुन्हा आले आणि तिकीट काढता काढता खिडकीतल्या माणसाला विचारू लागले, तो झोपेचा गाइड आहे का?

हे असं चाललं होतं तोवर चाललं. मग कंपनीला नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. टापटीप, बोलायला गोड आणि हिशेबाला पक्का. त्यांचं म्हणणं असं, की एका बसनं दिवसात एकच फेरी मारायची हा करंटेपणा आहे, दोन फेऱ्या झाल्या पाहिजेत. त्यासाठी वेरूळ एका तासात उरकायचं. निवडक लेणी, प्रत्येक लेण्याला मोजकी मिनिटं, वेळ संपली की शिट्टी. प्रत्येक गाइडच्या हातात एक एक शिट्टी दिली गेली. मामांनी ती घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि टेबलावर परत ठेवली. मेंढरांनासुद्धा मी शिट्टी मारली नाही, असं सांगून ते बाहेर गेले.

साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून स्पष्ट सांगितलं. मामांचं वय झालेलं होतं आणि नोकरी वर्षावर्षानं वाढवून दिली जात होती. या वर्षी वेळापत्रक मान्य केलं तर वाढ मिळेल, नाहीतर दिवाळीनंतर घरी. मामा बाहेर आले आणि माझ्यासोबत चहाच्या टपरीवर बसले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. हर्सूलला एका खोलीत एकटे राहायचे. गावी मुलगा होता, तो सारखा बोलवायचा, दोन वेळचं जेवण आणि मक्याची राखण, एवढंच काम म्हणायचा. मामा चहा बशीत ओतत म्हणाले, “मक्यावरची पाखरं हाकलीन गं मी. पण तिथं मला इचारणार कोण, की बाबा, हे काय हाय म्हणून?” त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की हा माणूस घाबरलाय. आणि घाबरलेला असूनही तो वाकणार नाही, हेही मला तेव्हाच कळलं. मला त्यांचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली.

साहेबांनी एक युक्ती काढली. कोकणात त्यांच्या ओळखीचा एक माणूस होडीतून पर्यटकांना समुद्रातल्या गुहा आणि आडबाजूचे किनारे दाखवायचा. त्याचं काम म्हणे घड्याळासारखं चालतं. आम्हा सगळ्या गाइडांना तिकडं नेऊन ते दाखवायचं, म्हणजे मामांनाही पटेल, असा बेत होता. आम्ही कंपनीच्याच बसनं निघालो. आमच्यातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. आपल्याकडं पाणी म्हणजे विहीर, नाहीतर नाथसागरचं धरण. हाडं खिळखिळी करून बस मालवणच्या खाली एका लहान बंदरावर पोहोचली आणि आमच्यातला एक जण समुद्र पाहून म्हणाला, ह्या धरणाचा दरवाजा कुठंय?

होडीवरचा गाइड तिशीतला होता. उघडा, काळाकभिन्न, गळ्यात दोरीला बांधलेली शिट्टी. तो थोडकंच बोलायचा. कुठं हात धरायचा, कुठं वाकायचं, शिट्टी झाली की हातातलं टाकून होडीत यायचं, एवढं त्यानं सांगितलं आणि इंजिन सुरू केलं. साहेब आमच्याकडं बघत राहिले, बघा, असं असतं, अशा अर्थानं. मामा होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेजवळ, घोंगडी गुंडाळून बसले होते. लाटेवर होडी उचलली गेली की ते आधी आकाशाकडं बघत आणि मग होडीवाल्याकडं, हिशेब चुकला का असं विचारल्यासारखे.

पहिल्या गुहेत होडी थेट आत शिरली. इंजिन बंद झालं. वर काळा कातळ, खाली हिरवं पाणी, आणि पाण्यावरचं ऊन छतावर हलत होतं. मामांचा चेहरा बदलला. त्यांनी हात लांब करून कातळाला लावला आणि बोटं फिरवू लागले. ते छन्नीची खूण शोधत होते, हे मला कळलं. हे कुणी कोरलं, असं त्यांनी विचारलं. होडीवाला म्हणाला, दर्यानं. मामा हसले. आमच्याकडंबी लोक म्हणतात, देवानं एका रात्रीत कोरलं म्हणून. होडीवाल्यानं खांदे उडवले. मग मामांनी तोंडाशी हात धरून आपली ती लांब हाक घातली. सुताराच्या झोपडीत ती छतावरून परत येते. इथं ती आत, आणखी आत गेली, आणि बऱ्याच वेळानं तळातून धप्प असा आवाज आला, एखादं दार आपटावं तसा. आयुष्यात पहिल्यांदा एका लेण्यानं त्यांना उलट उत्तर दिलं होतं. ते होडीवाल्याला म्हणाले, जरा थांब. पण शिट्टी वाजली आणि होडी बाहेर आली.

तिथून एका किनाऱ्यावर गेलो. तिन्ही बाजूंनी कडा, मध्ये पांढरी वाळू, माणसाचा मागमूस नाही. किनाऱ्याच्या टोकाला कड्यात एक गुहा होती. ओहोटीला चालत आत जाता येतं, एरवी नाही. होडीवाल्यानं तसं सांगितलंही होतं, पण आम्ही वाळू बघूनच खुळे झालो होतो. साहेबांसकट सगळ्यांनी पँटी वर दुमडल्या. मामा वहाणा हातात घेऊन सरळ गुहेकडं गेले. शिट्टी झाली तेव्हा आम्ही सगळे धावत होडीत चढलो. साहेब घड्याळ बघून खूश होते. माणसं मोजली तर एक कमी.

मामा येतील म्हणून थोडा वेळ गेला. पुन्हा शिट्टी झाली. मला ठाऊक होतं ते काय करत असतील. ते भिंतीला टेकून बसले असतील आणि लेणं सोडायची वाट बघत असतील. साहेब म्हणाले, मुद्दाम करतायत. मीही तसंच धरून चालले होते. एवढ्यात गुहेच्या तोंडातून पाण्यावर काहीतरी तरंगत बाहेर आलं. मामांची एक वहाण होती. तिच्या मागून दुसरी आली.

होडीवाल्यानं तेवढंच पाहिलं आणि पाण्यात उडी टाकली. मी त्या वेळी ओरडले की नाही मला आठवत नाही, पण मी होडीचा काठ इतका घट्ट धरला होता, की नंतर बोटं सरळ होईनात. मामांना पोहता येत नव्हतं. डोंगरात वाढलेल्या माणसाला कशाला येईल? हजार वर्षांत जागचं न हललेलं लेणं त्यांनी पाहिलेलं. पाणी त्यात शिरेल आणि दार बंद होईल, हे त्यांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. बऱ्याच वेळानं दोघं बाहेर आले. पाणी मामांच्या छातीला लागलेलं, होडीवाल्याचा हात त्यांच्या कमरेत, आणि मामांनी दोन्ही हातांनी घोंगडी डोक्यावर धरलेली. लाट आली की दोघं दिसेनासे होत. चारचौघांनी ओढून त्यांना होडीत घेतलं. होडीवाला धापा टाकत मला म्हणाला, “पाणी भरता हा, बाय. निघूक व्हया.” आणि त्यानं इंजिन सुरू केलं.

धक्क्यावर उतरल्यावर साहेब मामांसमोर उभे राहिले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि ते घाबरलेही होते, हे खरं आहे. आम्ही सगळे भोवती होतो. ते म्हणाले, मामा, आज जीव गेला असता. शिस्त कशासाठी असते ते आता तरी पटलं ना? मग सगळ्यांसमोर सांगा. उद्यापासून शिट्टी आणि एक तास.

मामांनी आधी त्यांच्याकडं पाहिलंच नाही. ते होडीवाल्याकडं वळले आणि त्याला वाकून नमस्कार केला. तो लाजून मागं सरला. मामा त्याला म्हणाले, मी चुकलो, लेणं म्हणजे लेणं असं मला वाटलं होतं, तुझं लेणं जितं आहे. मग ओलं धोतर सावरत ते साहेबांकडं वळले.

“ह्याची घाई खरी हाय, साहेब. ह्याच्या मागं दर्या लागलाय. तुमच्या मागं कोण लागलंय?”

साहेब म्हणाले, हा शब्दांचा खेळ नको. वेळ ती वेळ.

“वेरूळला भरती येत नाय, साहेब.”

“भरती येत नाही, पण दुसरी बस येते.”

“बस तुमची हाय. तुम्ही थांबवली तर थांबती. ह्यानं सांगून दर्या थांबल का?”

कुणीतरी हसलं. माझ्या मते मीच हसले. साहेबांचा चेहरा पडला, आणि पडलेल्या चेहऱ्याच्या माणसाकडून दुसरं काय होणार? त्यांनी हात पुढं केला आणि बिल्ला मागितला. तिथंच, धक्क्यावर, मासळीच्या टोपल्यांमध्ये. मामांची बोटं गारठली होती, पिन निघेना. मी पुढं झाले, तर त्यांनी मला मानेनंच नको म्हटलं आणि स्वतः काढला. कोटही काढला, पिळला, नीट घडी घातली आणि त्यावर बिल्ला ठेवून साहेबांच्या हातात दिला. म्हणाले, खाऱ्या पाण्यात भिजलाय, पुसून ठेवा, नाहीतर गंज चढेल.

परतीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले होते. मी रडवेली झाले होते आणि चिडलेही होते, त्यांच्यावरच. हो म्हटलं असतं आणि नंतर शिट्टी खिशात ठेवली असती तर काय बिघडलं असतं, असं मी त्यांना बोलूनही दाखवलं. मामा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, “पोरी, तोंडानं हो म्हणलं की ढुंगण आपोआप उठतं.” पुढं पूर्ण रस्ताभर झोपले.

मला वाटलं होतं ते गावी जातील. मुलगा न्यायलाही आला होता. मामांनी त्याला जेवू घातलं, मक्याला पाऊस कसा आहे ते विचारलं आणि एस.टी.त बसवून दिलं. आणि वेरूळचा मंगळवारचा सुट्टीचा दिवस सोडला, तर रोज सकाळी हर्सूलहून निघून, गाडी बदलून वेरूळ गाठायला लागले. खाली कंपन्यांची, त्यांच्या गाइडांची गर्दी असायची, आणि बिनकोटाच्या माणसाला तिथं उभं राहू देत नसत. मग मामा वर गेले. कैलासाच्या बाजूनं डोंगरावर एक पायवाट चढते. वर कड्यावर उभं राहिलं की अख्खं देऊळ पायाखाली दिसतं, कळस जवळजवळ आपल्या बरोबरीला आणि अंगण खाली खोल. मंडपाच्या छतावरचं कमळ आणि त्याभोवतीचे चार सिंह खालच्या माणसाला कधीच दिसत नाहीत. मामा कड्यापासून थोडं मागं घोंगडी अंथरून बसत. जो वर येईल त्याला दाखवत. कॉलेजची पोरं यायची, पाचोडच्या बाजारची माणसं यायची, घृष्णेश्वराला आलेली कुटुंबं यायची. काही विचारलंच नाही तर मामाही काही बोलत नसत. माझ्या बसची माणसं खाली लेण्यांत फिरत असताना मान वर करून विचारायची, वर ते लोक काय बघतायत? मी खरं तेच सांगायचे. वर आमचे मामा आहेत, म्हणायचे. त्यावरून मला दोनदा समज मिळाली.

हिवाळ्यात कंपनीकडं परदेशातली एक मोठी पार्टी आली. त्यांच्यातले काहीजण पूर्वी मामांच्या घोंगडीत कॅमेरे देऊन गेलेले होते, आणि आम्हाला तोच गाइड पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. दुसरा कुणी चालणार नाही. साहेब स्वतः वेरूळला आले. मला बरोबर घेऊन ते पायवाट चढले. चढण त्यांना सोसत नव्हती, दोनदा थांबले. वर पोहोचलो तेव्हा मामांसमोर एक कुटुंब बसलं होतं. ऊसतोडीला निघालेली माणसं होती. म्हातारी, तिचा मुलगा, सून, मांडीवर पोर. सामानाची बोचकी शेजारी. मामा बोलत होते ते आम्हाला बघून थांबले.

साहेबांनी मनातलं सरळ सांगितलं. झालं गेलं विसरा, परत या. ही पार्टी तुम्ही तुमच्या वेळेनं दाखवा, दिवसभर लागला तरी चालेल, शिट्टी नाही, काही नाही. मामांचा बिल्लाही त्यांनी बरोबर आणला होता. मला वाटलं, जिंकले मामा. माझ्या तोंडावर ते दिसलं असणार, कारण मामांनी आधी माझ्याकडं पाहिलं.

मग साहेबांना विचारलं, “ह्या पार्टीपुरतं, का समद्यांला?”

साहेब घुटमळले. म्हणाले, तूर्त यांच्यापुरतं. बाकीच्यांचं वेळापत्रक आहे तसं राहील. सगळ्यांना दिवसभर कसं परवडेल, मामा?

मामा समोरच्या म्हातारीकडं बघत होते. तिला वाटलं, आपल्यामुळं साहेब खोळंबलेत. ती बोचक्याला हात घालून उठायला लागली. आम्ही जातो बापा, आमचं काय, असं काहीतरी पुटपुटली.

“बस, माय,” मामा म्हणाले. “तुपलं झालं नाय अजून.”

आणि साहेबांना म्हणाले, “तुम्हाला बघायचं असंल तर बसा. जायचं असंल तर जावा.”

साहेब कड्याच्या दिशेनं दोन पावलं गेले आणि त्यांनी खाली पाहिलं. या कंपनीत येऊन त्यांना दोन वर्षं होत आली होती, पण इथून कैलास त्यांनी कधी पाहिला नसावा. पण खाली पार्टी थांबली होती, तिच्या मागं दुसरी बस होती. ते वळले आणि मला म्हणाले, चला.

मी कंपनीचा निळा कोट घातला होता. मी घोंगडीच्या कडेला, त्या सुनेच्या शेजारी, बसले. साहेब एकटेच खाली उतरले.

मामांनी सगळ्यांवर एकदा नजर फिरवली आणि हात समोर करून कळसाकडं बोट दाखवलं.

“हां, तर डोंगर वरनं फोडायला घेतला. आत्ता कुठं हा कळस उघडा झालाय. खालचं समदं देऊळ अजून दगडातच हाय.”